टॅलेंट झाकून राहत नाही म्हणे!

"टॅलेंट कधी झाकून राहत नाही." हे वाक्य मराठीत पहिल्यांदा ज्याने उच्चारलं, तो कधी सापडला तर त्याला चहा पाजून दोन शब्द ऐकवायचे आहेत. तोपर्यंत ज्याने ते अगदी अलीकडे उच्चारलं त्याच्यावर लिहितो. तो मीच.

झालं असं की महाशिवरात्रीला घरी गेलो होतो. घर म्हणजे चामोर्शी, जिल्हा गडचिरोली. (पुण्यात हे सांगितलं की पहिला प्रश्न "तिकडे नक्षलवादी असतात ना?" आणि दुसरा "रेंज येते का?" दोन्हींची उत्तरं देऊन मी थकलोय, त्यामुळे पुढे.) चामोर्शीजवळ मार्कंडा आहे. वैनगंगेच्या काठावर जुनी दगडी देवळं आहेत, आणि नदी इथे उत्तरेकडे वाहते म्हणून ते तीर्थ. 'विदर्भाची काशी' म्हणतात. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. आमच्या आजोळची सगळी माणसं त्या दिवशी तिथे जमतात. दर्शन होतं, मग नदीच्या वाळूत सतरंज्या टाकून डबे उघडले जातात आणि वर्षभराचे घरगुती खटले निकाली काढले जातात.

या वर्षीचा खटला माझ्या मामेबहिणीचा होता. वय २३. नागपूरला इंजिनीयरिंग, मग पुण्यात टेस्टिंगची नोकरी. पुण्यात एका मैत्रिणीबरोबर सहज म्हणून ती एका क्वायरमध्ये जाऊन उभी राहिली. तिथल्या बाईंनी तिचा आवाज ऐकला आणि सांगितलं, पोरी, तू सोप्रानो आहेस, शिक. सोप्रानो म्हणजे पाश्चात्त्य गायकीत बाईच्या आवाजाची सगळ्यात वरची पट्टी. दोन वर्षं ती शनिवार-रविवार शिकली. आता तिचं म्हणणं होतं की नोकरी सोडते, साठवलेल्या पैशांवर वर्ष-दीड वर्ष पूर्ण वेळ शिकते आणि परदेशातल्या संगीत महाविद्यालयांच्या ऑडिशन देते.

मामाने मला बाजूला घेतलं. "बापू, तू तिच्याच लाइनीतला. तुह्यं आयकते ते. तिले जरा समजावून सांग. इंग्रजी भजनं म्हणून का पोट भरते का?"

मी समजावून सांगितलं. ऑनसाइट जाऊन आलेल्या माणसाला एक आवाज फुटतो, त्या आवाजात सांगितलं. तीन मुद्दे होते. एक, टॅलेंट असेल तर झाकून राहत नाही, नोकरीत राहूनही पुढे येशील. दोन, हे संगीत आपलं नाही, त्यात आपल्याला कोण विचारणार. तीन, छंद म्हणून कर की, कोण नाही म्हणतंय.

तिने वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "दादा, यातलं तू काही ऐकलंयस का?"

"नाही," मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी तिने त्या बाईंना कळवलं की सध्या थांबते. मामाचा मला हात जोडल्याचा मेसेज आला. आणि मंडळी, खरं सांगतो, त्या दिवशी मला छान वाटलं. प्रोजेक्ट वेळेत डिलिव्हर झाल्यावर वाटतं तसं.

पण तिचा तो प्रश्न काही जाईना. शेवटी एका रात्री हेडफोन लावून बसलो. शोधता शोधता एक नाव सापडलं, पॅट्रिशिया रोझारिओ. जन्म मुंबईचा, १९६० चा. आणि मग माझे तिन्ही मुद्दे एकामागून एक कोसळले. कसे, ते सांगतो.

आधी ही बाई कोण ते. मुंबईत वाढलेली मुलगी. लंडनला गिल्डहॉल स्कूलमध्ये गाणं शिकली आणि तिथेच तिची कारकीर्द उभी राहिली. तिच्या गाण्याची दोन टोकं आहेत. एकीकडे बरोक काळातलं जुनं संगीत, दुसरीकडे अगदी आजच्या काळातलं, कागदावरची शाई वाळायच्या आत गायचं संगीत. जॉन टॅव्हेनर हा इंग्लंडचा मोठा संगीतकार, २०१३ मध्ये वारला. त्याने या एका आवाजासाठी तीसच्या वर रचना लिहिल्या. १९९२ मध्ये ऑल्डबरा महोत्सवात त्याचा 'मेरी ऑफ इजिप्त' हा ऑपेरा पहिल्यांदा झाला, त्यातली मेरी हीच. एस्टोनियाच्या आर्वो पॅर्टनेही तिच्यासाठी लिहिलं. २००१ मध्ये तिला ब्रिटनचा ओबीई किताब मिळाला. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ती शिकवू लागली.

आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत होतं? मला नव्हतं. झुबिन मेहतांचं माहीत होतं, तेही क्विझमुळे.

आता मुद्दा पहिला. टॅलेंट झाकून राहत नाही.

रोझारिओबाई मुंबईतच राहिल्या असत्या तर? गळा तोच, कान तोच, मेहनतही तीच. पण १९७० च्या दशकातल्या मुंबईत पाश्चात्त्य गायन पूर्ण वेळ शिकवून व्यावसायिक गायिका घडवणारं महाविद्यालय नव्हतं. संगीताच्या परीक्षा घ्यायला परीक्षक लंडनहून यायचे. कायमचं ऑपेरा हाउस नाही, पगारी ऑर्केस्ट्रा नाही. एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला तो २००६ मध्ये, आणि तेव्हाही बहुतेक वादक बाहेरून आणावे लागले. झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता स्वतः बॉम्बे सिम्फनी उभी करणारे, म्हणजे घरातच ऑर्केस्ट्रा. तरीही मुलाला १८ व्या वर्षी व्हिएन्ना गाठावं लागलं.

टॅलेंट छान झाकून राहतं, मंडळी. झाकून राहिलेल्याचं नाव आपल्याला कळत नाही, एवढंच. जे दिसले तेवढेच मोजायचे आणि म्हणायचं की बघा, सगळे दिसतात! कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात असं लिहिलं असतं तर सरांनी शून्य दिला असता.

आणि हे फक्त इंग्रजी गाण्याचं नाही. मोगूबाई कुर्डीकर घ्या. जन्म १९०४, गोव्यातलं कुर्डी. त्यांच्याइतकं टॅलेंट कुणाकडे? पण सांगलीला अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांचं गाणं ऐकलं, शिकवायला सुरुवात केली, आणि खाँसाहेब मुंबईला गेल्यावर मोगूबाईंना मुंबई गाठावी लागली. गुरू जिथे तिथे गळ्याला जावं लागतं. कुर्डीत बसून जयपूर घराण्याची गायकी आली नसती. (ते कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अवशेष वर येतात.)

आता सगळ्यात झोंबणारं उदाहरण देतो. माझंच.

मी इंजिनीयर झालो ते टॅलेंटमुळे, असं आमच्या घरात मानतात. मीही मानायचो. पण १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारने विनाअनुदानित इंजिनीयरिंग कॉलेजांना परवानगी दिली नसती तर? त्याआधी राज्यात जागा मोजक्या. नंतर कॉलेजं निघाली, बँका एज्युकेशन लोन द्यायला लागल्या, कंपन्या कॅम्पसला यायला लागल्या, आणि बघता बघता तालुक्या-तालुक्यात 'टॅलेंट' उगवलं. आमच्या आजोबांच्या पिढीत चामोर्शीत गणिताचं डोकं कुणालाच नव्हतं का? होतं ना. ते धानाच्या बांधीत हिशेब करत होतं. मधल्या काळात बदलला तो रस्ता. डोकी तीच.

म्हणजे ज्या माणसाला वर चढायला सरकारने, बँकेने आणि कॉलेजने मिळून जिना बांधून दिला, तो माणूस वैनगंगेच्या वाळूत बसून एका मुलीला सांगत होता की दम असेल तर भिंतीवरून चढून ये.

मुद्दा दुसरा. हे संगीत आपलं नाही.

हा मुद्दा मांडणाऱ्याने आधी पेटी बंद करावी. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ मध्ये घेतलं गेलं. आज तिच्याशिवाय भजन होत नाही. व्हायोलिन युरोपातून आलं, आज त्याच्याशिवाय कर्नाटक संगीताची मैफल सजत नाही. आपलं संगीत नाटक कुठल्या ऑर्गनवर उभं राहिलं? हिंदी सिनेमाच्या सोनेरी काळातलं ते भरगच्च वाद्यवृंदाचं काम कोणी केलं? सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या माणसांनी. गोव्यात हे संगीत चर्चच्या शाळांमधून सोळाव्या शतकापासून शिकवलं जातंय. जवळपास पाचशे वर्षं! मिरची आणि बटाटासुद्धा साधारण तेव्हाच आले. त्यांना कोणी परके म्हणत नाही, वडापाव तर आपण अस्मिता म्हणून मिरवतो.

आणि 'आपलं' म्हणजे नक्की काय, याची गंमत ऐका. २००३ मध्ये टॅव्हेनरची 'द व्हेइल ऑफ द टेंपल' ही रचना लंडनच्या टेंपल चर्चमध्ये झाली. चर्च बाराव्या शतकातलं. रचना सुमारे सात तासांची, रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी. त्यात रोझारिओबाई गायल्या. मी हे वाचलं आणि हसलो. कारण रात्रभर चालणारं, पहाटे संपणारं, गाण्याने भरलेलं काहीतरी मला नवीन नाही. आमच्याकडे झाडीपट्टी रंगभूमी आहे. दिवाळीनंतर, धान निघालं की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. मंडई असो की शंकरपट, रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो आणि कोंबडा आरवेपर्यंत नाटक चालतं. गाणी जिवंत, वादक समोर बसलेले. पब्लिक घोंगडी पांघरून. त्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

आमचा मामा, तोच, "गाणं म्हणून का पोट भरते" विचारणारा, दर हंगामात तिकीट काढून रात्र जागवतो. त्याच्या डोळ्यांसमोर पन्नास माणसं गाऊन-वाजवून पोट भरत असतात. ते त्याला दिसत नाही असं नाही. पण ती दुसऱ्यांची पोरं.

बाराव्या शतकातल्या चर्चमध्ये रात्रभर बसून गाणं ऐकणारा इंग्रज आणि मंडईत कुडकुडत नाटक बघणारा मामा यांना समोरासमोर बसवलं तर त्यांचं जमेल. माझंच दोघांशी जमणार नाही, कारण मी रात्री अकराला रील्स बघत झोपणारा.

मुद्दा तिसरा. छंद म्हणून कर की.

हा सगळ्यात गोड आणि म्हणून सगळ्यात घातक. ऐकायला उदार वाटतो. यात काय काय गिळलं जातं ते बघा.

रोझारिओबाईंच्या कारकिर्दीचं एक टोक जुनं संगीत आहे म्हणालो. अर्ली म्युझिक म्हणजे ढोबळमानाने १७५० च्या आधीचं. ते त्या काळच्या वाद्यांवर, त्या काळच्या पद्धतीने वाजवायचं ही चळवळ लंडनमध्ये १९७० च्या दशकात जोरात आली. आज सगळीकडे 'ए' हा स्वर ४४० हर्ट्झला लावतात. जुनी वाद्यं वाजवणारे बरेचदा ४१५ ला लावतात, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर खाली. तारा धातूऐवजी आतड्याच्या. कागदावर स्वर लिहिलेले, पण हरकत कुठे घ्यायची, दम कुठे मोडायचा हे बरेचदा लिहिलेलं नाही. ते गाणाऱ्याने अभ्यास करून ठरवायचं. दुसऱ्या टोकाला आजचं संगीत. तिथे तर आधी कोणी गायलेलंच नाही. ऐकून नक्कल करायची सोय नाही. कागद बघून अचूक स्वर लावता आला पाहिजे, आजूबाजूला वाद्यं भलतंच काही वाजवत असताना.

ही दोन टोकं लांबची वाटतात, पण ती पेलायला लागणारी तयारी सारखीच. स्वच्छ, न थरथरणारा स्वर, पक्कं वाचन आणि स्वतः निर्णय घ्यायची हिंमत. म्हणून एकच गळा दोन्हीकडे सापडतो. अमेरिकेची कॅथी बर्बेरियन एकीकडे मॉन्टेव्हर्डी गायची आणि दुसरीकडे ल्युचानो बेरिओने तिच्यासाठी लिहिलेली 'सिक्वेन्झा ३', ज्यात हसणं, पुटपुटणं, खोकणं हेही गाणंच आहे. वर इटालियन, जर्मन, फ्रेंच, लॅटिन. निदान उच्चार आणि अर्थ तरी.

आता सांगा, हे हिंजवडीहून परत येताना बसमध्ये होणार आहे? रात्री साडेनऊच्या क्लायंट कॉलनंतर? कुणा शेजाऱ्याच्या पोराला आपण म्हणतो का की हृदयाची शस्त्रक्रिया छंद म्हणून शिक, शनिवार-रविवार? आपल्या शास्त्रीय गायकांच्या पहाटेच्या रियाजाच्या गोष्टी सांगताना आपले डोळे भरून येतात, आणि घरातली पोरगी रियाजाला वेळ मागते तेव्हा आपण तिला कॅलेंडर दाखवतो.

इथे कोणी एमा कर्कबीचं उदाहरण देईल. इंग्लंडची फार मोठी अर्ली म्युझिक सोप्रानो, आणि ती आधी शाळेत शिकवत होती! बरोबर. पण ती शिकली ऑक्सफर्डला, जिथे गल्लोगल्ली क्वायर. आणि १९७३ मध्ये अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक निघाली ती तिच्याच देशात. शाळेची नोकरी सोडल्यावर पाय टेकायला जमीन होती. पुन्हा तेच. जिना होता.

आता माझ्या विरुद्ध बाजूचं जे खरं आहे तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मीही फेकतोय असं होईल.

पैसा खरा आहे. परदेशातली फी हा आमच्या मामाच्या आवाक्यातला आकडा नाही. अपयश खरं आहे. ऑडिशनला जाणाऱ्या बहुतेकांची निवड होत नाही, आणि निवड झालेल्यांतल्याही थोड्यांनाच मोठी कारकीर्द मिळते. माझी बहीण रोझारिओ होईल असं मी म्हणत नाही. ती बहुधा होणार नाही. पण माझ्या बॅचमधला एकही जण नारायण मूर्ती झाला नाही, म्हणून आम्हाला कोणी कॉलेजात जाऊ नका म्हणालं नव्हतं. इंजिनीयरला साधारण असायची परवानगी आहे. गाणाऱ्याने मात्र एकतर शिखर गाठायचं किंवा सुरुवातच करायची नाही. हा कुठला न्याय?

शिवाय साधारण गाणाऱ्यालाही काम असतं. शिकवायचं. रोझारिओबाईंनी नेमकं तेच ओळखलं. २००९ मध्ये त्यांनी आणि त्यांचे पती, पियानोवादक मार्क ट्रूप यांनी 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' सुरू केलं. लंडनहून येऊन भारतातल्या तरुण गाणाऱ्यांना शिकवायचं. का? टॅलेंट झाकून राहत नसतं तर हा उपद्व्याप करायची गरजच नव्हती. इतक्या वर पोचलेली बाई मागे वळून जिना बांधायला घेते, म्हणजे जिना नव्हता हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

जिने हळूहळू होतायत. चेन्नईत २००८ पासून ए. आर. रहमानचं कॉन्झर्व्हेटरी आहे. मुंबईत एनसीपीएच्या ऑर्केस्ट्राने मुलांसाठी अकादमी काढली. पण मुंबई ते मार्कंडा हजारेक किलोमीटर आहे. आमच्याकडच्या मुलीला ही वाट फक्त एका मार्गाने सापडते, इंजिनीयरिंग करून पुण्यात नोकरी लागली तर. म्हणजे गाण्यापर्यंत पोचायला आधी टेस्टिंग करावं लागतं. आणि तिथवर पोचल्यावर घाटावर एक दादा बसलेला असतो.

मागच्या आठवड्यात मामाला फोन केला. म्हटलं, "मामा, मी तिले जे सांगितलं ते चुकीचं होतं." बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं. मंग पैसे तू देशीन?"

मला हा प्रश्न आवडला. मी तिला सांगितलेल्या तिन्ही मुद्द्यांपेक्षा तो प्रामाणिक आहे. मी आकडा मांडला. परदेशाची फी मला झेपणार नाही. पण पुण्यात वर्षभर माझ्या फ्लॅटमधली एक खोली, जेवण आणि त्या बाईंची फी, एवढं झेपतं. गाडी पुढच्या वर्षी घेईन. मामा म्हणाला, "पाहू." आमच्याकडे 'पाहू' म्हणजे नाही नव्हे, हे वाचकांच्या माहितीसाठी :)

मग तिला फोन केला. माफी मागितली. आणि सांगितलं की मी ऐकलं, बरंचसं समजलं नाही, पण ऐकलं. तिने काय ऐकलं ते विचारलं. मी नावं सांगितली. पलीकडे जरा शांतता. "दादा, मला विचार करू दे," म्हणाली. तो तिचा हक्क आहे. कदाचित ती नोकरीच करेल. पण मग ते तिचं ठरवणं असेल, माझं खोटं वाक्य नसेल.

तुम्ही बहुतेक जण माझ्याच वयाचे, माझ्याच लाइनीतले. घरात पहिले पगारवाले. म्हणजे आज ना उद्या तुम्हालाही कोणीतरी बाजूला घेऊन म्हणणार, 'जरा समजावून सांग.' तेव्हा 'आपल्याकडे पैसे नाहीत' म्हणा. 'मला भीती वाटते' म्हणा. 'मला यातलं काही कळत नाही' म्हणा. तिन्ही वाक्यं खरी असतात आणि समोरची व्यक्ती त्यांच्याशी हिशेब करू शकते. 'टॅलेंट असेल तर येशील पुढे' याच्याशी हिशेब करता येत नाही. त्यात फक्त आपले हात स्वच्छ राहतात.

असो. पुढच्या वीकेंडला भेटू.